एकवीस अटींचे दाजी

मालवणच्या धक्क्यावरून बाजाराकडे वळताना, मिठाच्या गोदामाला टेकून एक खोली होती. तिला कुणी खोली म्हटलं की दाजी वायंगणकरांच्या कपाळाला आठी पडायची. ते ऑफिस होतं. आत एक टेबल, एक खुर्ची, गिऱ्हाइकासाठी एक बाकडं आणि भिंतीवर दोन वर्षांपूर्वीचं बोटीच्या कंपनीचं कॅलेंडर. बाहेर पाटी: 'द. ह. वायंगणकर, परदेशी मालाचे प्रेषक व मुखत्यार'. प्रेषक म्हणजे काय हे अख्ख्या बंदरावर कुणाला ठाऊक नव्हतं. ठाऊक नव्हतं म्हणूनच दाजींनी तो शब्द निवडला होता.

दाजी अकरा वर्षं मुंबईत होते. गोदीतून माल सोडवून देणाऱ्या एका कंपनीत 'शिपिंग क्लार्क', असं ते सांगत. पाकिटांना गोंद लावणं आणि साहेबाचा डबा धुणं याला शिपिंग म्हणत असतील तर ते खरंच होतं. पण माणूस अगदीच वाया गेला नव्हता. गोंद लावता लावता तो कागद वाचायला शिकला, आणि एके दिवशी त्याला साक्षात्कार झाला. बोटीची कंपनी माल नेते ती नंतर. त्याआधी ती कागदाच्या पाठीवर मुंगीएवढ्या अक्षरांत लिहून ठेवते, की या मालाचं काहीही झालं तरी आमचा त्याच्याशी संबंध नाही. माल पोचवून मान मिळवणारे लोक दाजींनी पाहिले होते. माल हरवूनही मान ताठ ठेवता येते, हे त्यांना त्या कागदाने शिकवलं.

त्रेपन्न साली ते गावी परतले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत एक रबरी शिक्का होता आणि छापील अटींचा एक जाड गठ्ठा. कंपनीच्या अठरा अटींचं मराठी दाजींनी स्वतः केलं होतं, आणि तीन अटी आपल्या पदरच्या घातल्या होत्या. माल मोडला, भिजला, गंजला, उंदरांनी खाल्ला, चुकून दुसऱ्या बंदरात उतरला, उतरलाच नाही, तर जोखीम मालकाची. प्रेषकाने दिरंगाई केली तर ती दिरंगाई समजू नये. ही विसावी, दाजींची लाडकी.

काम मात्र नडीचं होतं, हे कबूल केलं पाहिजे. इथल्या घराघरातला एकेक माणूस बोटीवर किंवा आफ्रिकेत. कुणी मोंबासाहून ट्रंक पाठवी, कुणी एडनहून घड्याळ, बाजारातले व्यापारी बसऱ्याचा खजूर मागवीत. तो माल मुंबईच्या गोदीत पडे. तिथून कागद करून, कस्टमच्या तावडीतून सोडवून, मालवणच्या बोटीवर चढवायचा, बोट बाहेर उभी राहिली की होडीत उतरवायचा आणि धक्क्याला लावायचा. हे करणारा दाजींशिवाय दुसरा कुणी नव्हता. झाडं नसलेल्या गावात एरंडाचीही पुष्कळ सावली पडते.

पहिल्या वर्षी मात्र दाजींचं जमेना. ते अटी नीट वाचून दाखवीत आणि लोक नीट ऐकत, हीच पंचाईत. एक कोळीण तर अर्ध्यातच उठली. "मगे तुमी करतास तरी काय?" असं तिने विचारलं आणि आपली बिल्टी, म्हणजे मालाची पावती, उचलून चालती झाली. दाजींना पुढे चार दिवस जेवण गेलं नाही.

मग दसरा आला. रवळनाथाच्या देवळात महादू घाडी गाऱ्हाणं घालायला उभा राहिला. देवापुढे गावाच्या वतीने मागणं मांडायचं हे त्याचं वंशपरंपरेचं काम. एका दमात, एका लयीत तो बोलत सुटे, आणि 'म्हाराजा' म्हणून थांबला की सारा गाव एका आवाजात म्हणे, 'व्हय म्हाराजा'. घाडी काय म्हणाला हे विचाराल तर शंभरातला एक सांगणार नाही. पण होकार शंभरांचा. दाजी पहिल्या रांगेत उभे होते. तिथे त्यांचा मान होता आणि आवाजही सगळ्यांत मोठा होता. त्या दिवशी होकार देता देता ते मधेच गप्प झाले. डोक्यात काहीतरी पेटलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून दाजी अटी वाचेनात. ते अटी घालू लागले. उभं राहायचं, डोळे अर्धे मिटायचे, आणि घाडीच्या चालीवर, "माल दर्यात पडला, वाऱ्याने गेला, पावसाने भिजला, तर जोखीम मालकाची, म्हाराजा..." बाकड्यावरच्या माणसाचे हात आपोआप जुळत आणि तोंडातून निघून जाई, "व्हय म्हाराजा." एकवीस अटी, एकवीस होकार. मग सही किंवा अंगठा. देवाची चाल उसनी घेऊन माणसं बांधायची, ही अक्कल मुंबईच्या कुठल्या साहेबालाही सुचली नसती. दाजींना मात्र त्याची लाज वाटली नाही. अभिमान वाटला. घरी त्यांनी बायकोला, नर्मदेला, हे सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "देवाकडे ह्या चालायचा नाय हां." दाजी हसले. बायकांना धंद्यातलं काय कळतं, असं त्यांचं एकूण मत होतं.

सत्तावन्न सालच्या चैत्रात शेवंती त्यांच्या ऑफिसात आली. दाजींच्याच गावची, दत्ताराम खलाशाची बायको. बायको कसली, विधवा. दत्तारामाने हँबर्गच्या बंदरात शिवणाचं मशीन विकत घेतलं होतं, आणि एडन यायच्या आत तो न्युमोनियाने गेला. बोटीच्या लोकांनी त्याची ट्रंक आणि मशीनची पेटी मुंबईच्या गोदीत उतरवली होती. ट्रंकेत दोन शर्ट होते, ते कुणीतरी टपालाने पाठवले. पेटी अडकली होती.

शेवंती आजवर हातानेच शिवत असे. वाडीतल्या निम्म्या बायकांच्या चोळ्या तिच्या सुईतून गेलेल्या. गावात नवी शाळा उघडणार होती आणि मास्तरांनी मुलांचे सारे कपडे तिलाच द्यायचं कबूल केलं होतं, फक्त मशीन हवं. दत्तारामाने शेवटच्या पत्रातून सुताची एक दोरी पाठवली होती, दोन गाठी मारलेली. मशीनच्या बुडाचं ते माप. त्या मापाने शेवंतीने सुताराकडून मेज करून घेतलं, पायाने चालवायचा पायटा बसवला, वर मशीनपुरतं चौकोनी भोक ठेवलं. मेज ओटीवर येऊन पंधरा दिवस झाले होते. भोकातून खालची जमीन दिसत होती.

"दाजीनू, जूनच्या आदी व्हयी," ती म्हणाली. "शाळेचे कपडे शिवूचे आसत."

ऑफिसात दाजी मालवणी बोलत नसत. "नियमाप्रमाणे येईल," ते म्हणाले. मग उभे राहिले, डोळे अर्धे मिटले आणि सुरू झाले. शेवंतीने पदर डोक्यावरून घेतला, हात जोडले. गेल्या महिन्यात तिने इतक्या जणांपुढे हात जोडले होते की आणखी एकवीस वेळा मान हलवणं तिला जड गेलं नाही. "व्हय म्हाराजा," ती म्हणत गेली. शेवटी तिने सही केली. चौथीपर्यंत शिकलेली होती ती, वाचता आलं असतं. पण गाऱ्हाणं कुणी वाचून बघतं का?

पेटी सोडवायचा कागद मेच्या पहिल्याच आठवड्यात दाजींच्या टेबलावर आला. एक शिक्का मारून टपालात टाकायचा, एवढंच काम. दाजींनी तो पेपरवेटखाली ठेवला. त्यांना स्वतः मुंबईला जायचं होतंच, आंब्याचा मोसम संपला की. एका शिक्क्यासाठी कोण उठतो? ते निघाले वीस तारखेला. पेटी सोडवली चोवीसला. पंचवीसला मोसमातली शेवटची बोट होती. त्यानंतर पावसाळ्यासाठी बंदर बंद, चार महिने मालवणला बोट नाही. हे मालवणातलं रांगतं पोरही सांगेल, आणि दाजी तर प्रेषक होते.

बोटीवर दाजींच्या नावाने एका पेटीची जागा होती आणि त्यांच्याकडे पेट्या होत्या दोन. एक शेवंतीची. दुसरीत भाई माणगावकर या कापडवाल्याचा जर्मन रेडिओ. भाई माणगावकरांच्या पेढीवर दाजींना चहा मिळे आणि लोडाला टेकायला मिळे. शेवंतीकडे काय मिळणार होतं, भोक पाडलेलं मेज? रेडिओ बोटीवर चढला. मशीन गोदीमागच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये राहिलं. छपराला कुठे कुठे भोकं आहेत ते दाजींनी पाहिलं होतं. उघडं आकाश तर नाही ना, असं म्हणून त्यांनी कुलूप घातलं.

जून लागला. शाळा उघडली. मुलांचे कपडे बाजारातल्या शिंप्याने शिवले. शेवंती आठ दिवसांनी एकदा ऑफिसात येऊन उभी राहायची. एकदा तिने विचारलं, "येष्टीन हाडूक जमाचा नाय? मुंबैसून कोल्हापुराक, कोल्हापुरासून तळेऱ्याक. थयसून मी डोक्यावरून हाडीन."

तळेऱ्याहून मालवण, तीसेक मैल, डोक्यावरून. दाजींनी तिच्याकडे पाहिलंही नाही. कागद उलटून बोट ठेवलं. "अट सातवी. माल जलमार्गेच आणला जाईल. तू होय म्हटलेलं आहेस."

ओटीवरच्या मेजावर शेवंतीने एक जुनं लुगडं घडी करून घातलं. पावसाळाभर त्याच्या भोकात मांजर बसत असे.

सप्टेंबरअखेर पहिल्या बोटीतून पेटी आली. महादू घाड्याने कुऱ्हाडीने फळ्या उचकल्या, कारण खिळे गंजून हलत नव्हते. आतला भुसा काळा पडून त्याचा चिखल झाला होता. मशीनवरची सोनेरी वेलबुट्टी दिसत होती, तेवढीच. चाक लाल झालं होतं. शेवंतीने एका हाताने फिरवून पाहिलं, मग दोन्ही हातांनी. मग महादूने जोर लावला. चाक तसूभर हललं नाही. ती त्या पेटीजवळ बसून राहिली. रडली नाही. दाजी जवळच उभे होते आणि ती रडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. रडणाऱ्या बाईची समजूत घालून मोठेपणा घेता येतो. गप्प बाईचं काय करायचं?

"अट चौथी, गंज," दाजी म्हणाले. "अट विसावी, दिरंगाई. मला वाईट वाटतं, पण तू होय म्हटलेलं आहेस."

"व्हय," शेवंती म्हणाली. "म्हटलंय मिया."

आणि एवढ्यावर ती मुकाट झाली, असं दाजी समजले. त्यांची हीच खोड होती. समोरचा गप्प झाला की आपलं म्हणणं पटलं, असं त्यांना वाटे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी शेवंती नारळ आणि विडा घेऊन महादू घाड्याकडे गेली. ज्याचं काही अडलंय त्याने घाड्याला सांगावं आणि घाड्याने ते गावाच्या गाऱ्हाण्यात घालावं, ही रीतच आहे. कुणाची म्हैस आटते, कुणाच्या मुलाचं पत्र येत नाही. महादूने सगळं ऐकून घेतलं, विडा उचलला आणि एकच विचारलं, "कधीपर्यंत व्हयी?" ती म्हणाली, शिमग्याच्या आधी.

दसऱ्याच्या दुपारी देऊळ भरलं होतं. दाजी पहिल्या रांगेत, धुवट धोतर, खांद्यावर उपरणं. महादूने सुरुवात केली. "बा देवा रवळनाथा म्हाराजा, आज दसऱ्याच्या दिवसाक तुजी लेकरां तुज्या पायाकडे जमलीसत, काय चुकला माकला आसात ता पोटात घाल, म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," दाजी गरजले. त्यांचं लक्ष देवगडच्या एका गिऱ्हाइकाकडे लागलं होतं. आफ्रिकेहून त्याचा मोठा माल यायचा होता.

"जी लेकरां मुंबैक आसत, जी बोटीर आसत, तेंची राखण कर, म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

भात झालं, गुरं झाली, आंब्याचा मोहोर झाला. महादूचा आवाज ना चढला ना उतरला. "आणि दत्तारामाची मिशन ज्याच्या हातात सोपवलली, आणि ज्याच्या शेडीत ती कुजली, त्या दाजी वायंगणकरान तीच मिशन आपल्या हातान मुंबैक न्हेवची, होती तशी चालती करून शिमग्याच्या आदी शेवंतीच्या मेजार आणून ठेवची, म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

देवळात एकट्या दाजींचा आवाज उठला. बाकी कुणी तोंड उघडलंच नव्हतं. गावाला आधीच कळलेलं होतं, म्हणून गाव ऐकत होता. ऐकत नव्हते ते फक्त दाजी. आपला आवाज एकटा का पडला, हे कळायला त्यांना क्षणभर लागलं. मग मागून, सगळ्या रांगांतून, सावकाश उत्तर आलं, "व्हय म्हाराजा." महादूने नारळ फोडला. "देवान आयकला," तो म्हणाला आणि खोबऱ्याची शकलं करायला लागला.

दाजींचं ऑफिसातलं मराठी त्यांना सोडून गेलं. "अरे, मिया ता नीट आयकूक नाय," ते म्हणाले.

बायकांच्या रांगेतून शेवंती म्हणाली, "मिया तरी तेवां खंय आयकललंय?"

कुणी हसलं नाही. हसले असते तर दाजींना चिडता आलं असतं. ते घरी आले तेव्हा नर्मदेने त्यांची वळकटी बांधायला घेतली होती. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, तीही देवळातच होती. घाड्याला काय अधिकार, देवाला यात कशाला ओढायचं, असं दाजी चार दिवस काहीबाही पुटपुटले. पण देवापुढे दिलेला होकार फिरवायची छाती त्यांच्यात नव्हती. कायद्याच्या कलमांतून निसटणारा हा माणूस अपशकुनी मांजराला वाट देणारा होता. पाचव्या दिवशी ते पेटी घेऊन बोटीवर चढले.

मुंबईत त्यांचे काय हाल झाले ते त्यांनी कधी धड सांगितलं नाही, पण अशा गोष्टी बोटीबरोबर येतातच. परदेशी मशीन, त्याचे भाग मिळेनात, नवीन मागवायला परवाना. भंगार बाजारात हा प्रेषक महिनाभर एक गंजका चाप हातात घेऊन दुकानोदुकानी फिरला. एका म्हाताऱ्या मिस्त्रीने मशीन खोलून रॉकेलमध्ये घातलं आणि सांगितलं, होईल तेव्हा होईल, आणि वाटेत काही तुटलं तर माझ्याकडे येऊ नका. दाजी हात जोडून 'बरं' म्हणाले. त्यांना दोनदा मालवणला परत यावं लागलं आणि दोनदा पुन्हा जावं लागलं. देवगडच्या गिऱ्हाइकाने तोवर आपला माल दुसऱ्या माणसाकडून सोडवून घेतला.

माघ सरता सरता मशीन आलं. बोट बाहेर उभी राहिली. दाजी पेटी पोटाशी धरून होडीत उतरले, होडीतलं पाणी लागू नये म्हणून ती मांडीवर घेऊन बसले. होडीवाल्याने वल्हं मारता मारता विचारलं, "दाजीनू, जोखीम कोणाची?" दाजी म्हणाले, "तू गप वल्हं मार."

शेवंतीच्या ओटीवर मांजर हुसकून मशीन भोकात बसवलं. दोरीचं माप चुकलं नव्हतं. बसताना कट् असा आवाज झाला. शेवंतीने बोट फिरवून वेलबुट्टी पाहिली. अर्धी गेली होती. दाजी घाम पुशीत उभे राहिले आणि सवयीने म्हणाले, "माल पोचल्याची सही..."

"आदी चलता काय बघूक व्हया," शेवंती म्हणाली. नवं मशीन दोरा न घालता कागदावर चालवून बघतात. "कागद आसा?"

दाजींच्या खिशात एकच कागद होता, एकवीस अटींचा. त्यांनी तो दिला. शेवंतीने तो उलटासुलटा पाहिला, चौथीपर्यंतचं शिक्षण वापरून पहिली ओळ मनात वाचली, दुसरी वाचली. या वेळी तिला घाई नव्हती. एकवीसही वाचून झाल्या. मग कागद सुईखाली धरला आणि पायटा मारला. मशीन आधी कुरकुरलं आणि मग चालू लागलं. तिने एकेका अटीवरून सुई सरळ नेली, शेवटाला वळवली, पुढच्या अटीवरून परत आणली. विसावी आली तेव्हा थोडी हळू गेली. सगळा कागद भोकाभोकांचा झाल्यावर तिने तो बाहेर काढला.

"चलता," ती म्हणाली आणि कागद दाजींच्या हातात दिला. "सही खंय करू?"

दाजींनी कागदाची घडी घालायला घेतली, तर तो भोकांवरून फाटून त्याच्या पट्ट्या झाल्या. त्यातली एक खाली पडली. ती उचलायला ते वाकले नाहीत. आतून शेवंतीने दोरा आणला होता आणि ती सुईत ओवायला बसली होती.

पुढच्या जूनपासून शाळेचे कपडे तिनेच शिवले. दाजींचं ऑफिस चालू राहिलं, पाटीही राहिली. पण त्यांनी चाल लावून अटी म्हणायला सुरुवात केली की बाकड्यावरचा माणूस हात न जोडता म्हणे, "दाजीनू, जरा सावकाश सांगा." बासष्ट-त्रेसष्टपर्यंत त्यांचा आवाज देवळात पहिल्या रांगेत ऐकू येत असे, पण आता तो उशिरा येई. साऱ्या गावाचं 'व्हय म्हाराजा' म्हणून झालं की घाडी थांबायचा आणि दाजींकडे बघायचा. घाडी काय म्हणाला ते मनात पुन्हा एकदा जुळवून पाहून मगच दाजी म्हणायचे, "व्हय." मागे बायकांत शेवंती उभी असायची, आणि त्यांचं होईपर्यंत तीही थांबायची.